उजेड आधी वर

हे कुणाच्या बापालाही खरं वाटणार नाही. मलाच वाटत नाही, आणि मी तर तिथे हजर होतो. अंधार इतका दाट असू शकतो की बोटावर घेतला तर डाग पडावा, आणि माणूस इतका बावळट असू शकतो की असल्या अंधारात त्याने शोभेचा दिवा घेऊन उतरावं, हे मी या दोन डोळ्यांनी पाहिलं आहे. तो माणूस म्हणजे माझा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लोक त्याला नावाने हाक मारतात. मी उजेडराव म्हणतो. त्याने आजवर जो काही उजेड पाडलाय, त्यात सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही.

आता ही गोष्ट काढायचं कारण म्हणजे उजेडरावांची मुलगी.

त्या दिवशी दुपारी ती आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या दुकानात माझ्यासमोर येऊन बसली. खिशात स्क्रू ड्रायव्हर, कोपराला ग्रीस. टेबलावर तिने एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. खोक्याशेजारी माझा किल्ल्यांचा जुडगा पडला होता. आम्ही ज्या ज्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळतो, त्या सगळ्यांच्या मशीनरूमच्या किल्ल्या त्यात आहेत. ज्याच्याकडे जुडगा, तो दुकानाचा मालक. आणि आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे ज्यांनी हे दुकान काढलं त्यांचा, नियम असा की ज्याला लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरता येत नाही त्याने जुडगा कमरेला लावायचा नाही. माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. तेव्हा द्यायचा कुणाला, एवढाच प्रश्न होता. एकीकडे आमचे चिरंजीव, ज्यांना लिफ्टचं बटण दाबलं तरी दमायला होतं. दुसरीकडे ही पोरगी, जिची निम्मी हयात खड्ड्यात गेली.

"किल्ल्या तिला द्या," असं माझी बायको सकाळीच म्हणाली होती. आत्ता ती दुकानाच्या खिडकीपाशी बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती. विचार करतो, असं मी म्हणालो होतो. आणि केलाही. द्यायच्या नाहीत, असं ठरलं.

"काका, दुकानासाठी टॉर्च आणलाय," पोरगी म्हणाली. "आवडला तर सगळ्यांना असलेच घेऊ. बघा तरी."

मी खोकं उघडलं. "हा टॉर्च आहे की लिपस्टिक?"

"हातात धरून बघा."

"हातात धरायला आधी सापडायला तर पाहिजे! आणि हे सेल? भिंतीवरच्या घड्याळातले काढून आणलेस वाटतं."

"माप तेच आहे. पण हे पुन्हा भरता येतात. निकेलचे आहेत, आणि त्यातही भरून कपाटात ठेवले तरी आपोआप न उतरणारे. साधे घेतले असते तर चार आठवड्यांनी हात लावावा आणि सेल मेलेला. आणि अगदीच अडलं तर या टॉर्चला कोपऱ्यावरच्या दुकानातले नेहमीचे सेलसुद्धा चालतात. मी विचारून घेतलंय."

"विचारलंस! वा! आता तू दुकानदारांना विचारून शहाणी होणार."

"चार्जर पण प्रत्येक सेल वेगळा भरणारा घेतला. म्हणजे एक जुना, एक नवा अशी जोडी झाली तरी—"

"पोरी," मी तिला मध्येच तोडलं, "तुझ्या घराण्याने टॉर्च निवडू नये. जमत नाही ते जमत नाही. मांजराने पोहू नये, आमच्या चिरंजीवांनी हिशेब करू नये, आणि तुम्ही टॉर्च निवडू नये. तुमच्या रक्तातच उजेड नाही. म्हणून तर या किल्ल्या तुझ्या बापाच्या कमरेला न लागता माझ्या कमरेला लागल्या. आणि म्हणूनच त्या तुझ्याही कमरेला लागणार नाहीत."

तिचा चेहरा पडला नाही, एवढं मात्र कबूल करतो. तिने खुर्ची पुढे ओढली.

"घरात टॉर्चचा विषय निघाला की बाबा उठून आत जातात. काय झालं होतं ते मला कधीच कुणी सांगितलं नाही. आज तुम्ही सांगा. सगळं सांगा. मग मी किल्ल्यांचं नाव काढणार नाही."

"बघ हं."

"सांगा तर."

मग काय! कोंबडीने स्वतःहून सुरी आणून दिल्यावर मी तरी कशाला थांबू?

आमच्या सासऱ्यांकडे एक जुना टॉर्च होता. पितळी, हाताएवढा लांब, आणि पोटात मनगटाएवढे जाड सेल खाणारा. उजेड म्हणाल तर पिवळट, आजारी. पण वजन असं की सासरे तो खांद्यावर टाकून चालायचे आणि त्यामुळे त्यांचा एक खांदा कायमचा खाली आला होता. शिंप्याला त्यांच्या शर्टाची एक बाही लांब, एक आखूड अशी शिवावी लागायची.

"बाबांचे दोन्ही खांदे सरळ होते," खिडकीतून बायको म्हणाली.

"म्हातारपणी झाले असतील."

"लोकांचे म्हातारपणी वाकतात."

"तुझ्या माहेरच्यांचं सगळंच उलटं." मी पुढे निघालो. तर एके दिवशी त्या टॉर्चातले सेल आतल्या आत पाझरले. झाकण उघडलं तर आत पांढरी-हिरवी बुरशी, पाव कुजावा तशी. सासऱ्यांनी तो टॉर्च टेबलावर ठेवला, किल्ल्यांचा जुडगा त्याच्यावर ठेवला आणि आम्हा दोघा जावयांना समोर उभं केलं. म्हणाले, "माझे गुडघे गेले. तुम्ही आपापला एलईडीचा टॉर्च निवडून आणा, पुन्हा भरता येणारे सेल आणा, आणि पुढच्या कामाला दोघं बरोबर खड्ड्यात उतरा. मी वर दाराशी बसतो. वर येताना ज्याच्या हातात उजेड असेल, त्याच्या किल्ल्या."

"उजेड आधी वर," पोरगी हळूच म्हणाली.

"काय?"

"आजोबांचा नियम. खड्ड्यातून वर येताना जो पहिला चढेल त्याच्या हातात टॉर्च द्यायचा. तो वर पोचला की खाली उजेड धरतो, म्हणजे मागच्याला शिडीचे दांडे दिसतात. टॉर्च कुणाचाही असो. आम्ही अजून तसंच करतो."

"हो हो, तोच. मला शिकवतेस?" मी म्हणालो. "तर तुझा बाप टॉर्च आणायला गेला. कुठे गेला? जिथे काचेची कपाटं आतून झगमगतात अशा दुकानात. माल भिकार असला की कपाट चांगलं लागतं. विक्रेत्याने भर दुपारी दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि टॉर्चचा झोत समोरच्या भिंतीवर मारला. पुढचं तोंड ओढलं की झोत लहान, ढकललं की मोठा. माणूस ओढतोय, ढकलतोय, ओढतोय, ढकलतोय, आणि स्वतःवरच खूष होतोय. विक्रेता म्हणतो, 'साहेब, हा तुमच्याच हाताला शोभतो.' झालं! शोभतो म्हटल्यावर याची छाती फुगली."

"बाबांची?"

"मग कुणाची? खोक्यावर उजेडाचा आकडा असा छापलेला की शून्यं खोक्याला वळसा घालून पुन्हा पहिल्या आकड्याला येऊन भेटायची. एवढा उजेड खरंच पडला असता तर शेजारच्या गल्लीतले वाळत घातलेले कपडे जळाले असते. आणि तऱ्हा किती! एकदा दाबलं की मोठा उजेड, पुन्हा दाबलं की लहान, पुन्हा दाबलं की नुसती उघडझाप. बंद करायचा तर या सगळ्या दारांवरून जावं लागायचं. बाजूला लाल दिवा. मागे शिट्टी. शिट्टी! लिफ्ट दुरुस्त करायला चाललास की पोरांची शर्यत लावायला?"

पोरगी हसली नाही. "आणि सेल?"

"जाडजूड, लिथियमचा. त्याच्यावरही छापलेला आकडा अफाट. पण वजन? फुंकर मारली तर टेबलावरून उडेल. मोठ्या डब्यात चिमूटभर साखर असावी तसा. खरा सेल हातात घेतला की कळतो. हा मेला कळतच नव्हता. चार्जरला लावला की लाल दिवा, आणि चहा कपातून बशीत ओतेपर्यंत हिरवा. भरला म्हणे! तो चार्जर म्हणजे साहेबासमोरचा कारकून. काही विचारा, 'झालं साहेब'."

"काका, तुम्ही खरेदीला बाबांच्या बरोबर गेला होतात?"

"छे! मी कशाला त्याच्याबरोबर जातो?"

"नाही, शटर निम्मं ओढलं होतं ते सुद्धा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून विचारलं."

"ऐकीव आहे. अशा गोष्टी पसरतात."

"बरं. आणि तुमचा टॉर्च कसा होता?"

"माझा? माझा आपला... टॉर्चसारखा टॉर्च."

"सेल कोणते होते?"

"सेलसारखे सेल."

"निकेलचे की लिथियमचे?"

"चांगल्या धातूचे!" मी जरा आवाज चढवला. "मुद्दा माझा नाही, मुद्दा तुझ्या बापाचा आहे."

बायकोने दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे पाहिलं. बटण लावून झालं होतं. तरी ती उठली नाही.

तर मग ती इमारत. जुनी, उंच, आणि तिची लिफ्ट इतकी मंद की गुळगुळीत दाढी करून तळाला आत शिरलेला माणूस वर पोचेपर्यंत त्याला खुंट फुटायचे. एका बाईने म्हणे जाता जाता आख्खा स्वेटर विणला आणि वर गेल्यावर पाहते तो उन्हाळा.

"अहो, पुरे," बायको म्हणाली.

"मावशी, राहू दे गं. बोलू दे त्यांना."

लिफ्ट बंद पडली होती ती खालच्या खड्ड्यातला एक स्विच गेल्यामुळे. केबिन वरच्या मजल्यावर अडकवून ठेवली आणि तळमजल्याचं दार किल्लीने उघडून आम्ही दोघं लोखंडी शिडीने खाली उतरलो. सासरे वर दाराबाहेर स्टुलावर बसले. कुणा पोराचा पाय आत जाऊ नये म्हणून आम्ही उतरल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. आणि खड्डा म्हणजे तुम्हाला वाटतो तसा खड्डा नव्हता. पाताळाची बाल्कनीच. खाली राहणारे लोक वर बघून 'आवाज कमी करा' म्हणायचे.

उजेडरावांनी टॉर्च लावला. पहिला झोत असा पडला की भिंतीवरच्या कोळ्यांनी आठही पायांनी डोळे झाकले. मला म्हणतो कसा, "बघितलंस?" मी म्हटलं, "बघतोय." स्विचचं झाकण काढेपर्यंत झोत निम्म्यावर आला. दुसरा स्क्रू सुटेपर्यंत आणखी निम्म्यावर. त्याने बटण दाबलं तर उघडझाप सुरू. एका झापेत पाना दिसतोय, दुसऱ्या झापेत गायब. मग लाल. विझत्या काडीच्या टोकाएवढा लाल. आणि मग गेला. त्याने टॉर्चच्या पाठीत धपाटे घातले, ठसका लागलेल्या पोराला घालतात तसे. मेलेल्याला ठसका लागत नाही.

"आणि तुमचा टॉर्च?"

"खिशात."

"लावला नाहीत?"

"मुळीच नाही. म्हटलं, मुरू दे जरा. लोणचं मुरतं तसा माणूस मुरला पाहिजे. शिट्टीवाला टॉर्च घेतोस काय! घे आता, वाजव."

"म्हणजे पूर्ण अंधार?"

"पूर्ण? अगं, नाक जागेवर आहे का हे हात लावून बघावं लागत होतं. आणि हात सापडत नव्हता."

"वरच्या दाराच्या फटीतून काही येत असेल की."

"फट? लोखंडी दार, खाली रबर. मुंगीला आत यायचं तर किल्ली मागावी लागली असती."

"मोबाईल?"

"मोबाईल तुझे आजोबा वरच काढून घ्यायचे. खड्ड्यात पडतात म्हणून. तू मला उलटतपासणीला उभं केलंस का?"

"नाही काका. नीट समजून घेतेय. दोघांपैकी कुणाचाच टॉर्च जळत नव्हता. पुढे?"

पुढे तर मजा! मी आपला भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा. मला अंधाराचं भय कधीच नव्हतं.

"मग मोरीतला दिवा रात्रभर कुणासाठी जळतो?" खिडकीतून आवाज आला.

"उंदरांसाठी," मी म्हणालो आणि बायकोकडे पाठ केली. तर मी उभा, आणि समोर उजेडराव. काय सांगू पोरी, तसा देखावा पुन्हा होणे नाही. आधी त्याचे ओठ सुकले. मग जीभ बाहेर आली, ओठांवरून फिरली आणि घाबरून आत गेली. कानाच्या पाळ्या अशा पांढऱ्या पडल्या जशा चुन्यात बुडवल्या. कपाळावर घामाचा एक थेंब जमला, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, तिथे लोंबकळला, आणि त्याला तो पुसायचंही सुचेना. मग हनुवटी! डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सुटलेल्या खिळ्यासारखी थरथरायला लागली. मोठा माणूस, लग्न झालेला, आणि आईला हाक मारायच्या बेताला आलेला. मी मनात म्हटलं, हे असलं ध्यान आपल्या दुकानाच्या किल्ल्या मागणार? ह्याला कुणी खेळण्याच्या डब्याचीसुद्धा किल्ली देऊ नये.

पोटभर पाहून घेतलं आणि मग माझा टॉर्च काढला. लावला. साधा, सरळ, पांढरा उजेड. ना उघडझाप, ना शिट्टी. त्या उजेडात स्विच बसवला, तारा आवळल्या, झाकण लावलं. काम संपलं तरी उजेड जसाच्या तसा. म्हटलं, चल आता.

"वर आधी कोण चढलं?"

"मी. टॉर्च माझ्या हातात. तो मागे. मध्यावर माझा पाय घसरला... म्हणजे त्याचा. त्याने आपला खांदा माझ्या पायाखाली आणला, आधाराला."

"तुमच्या पायाखाली? पाय बाबांचा घसरला असताना?"

"अंधारात माणसाला कुणाचा पाय कुठला कळतं का? वर आलो. सासऱ्यांनी दार उघडलं. पाहतात तो माझ्या हातात लखलखीत उजेड आणि मागून जावई नंबर दोन रिकाम्या हाताने, पँटचे गुडघे झटकत. सासऱ्यांनी एक शब्द विचारला नाही. जुडगा काढला आणि माझ्या हातात दिला."

"आणि बाबा काहीच बोलले नाहीत?"

"तोंड उघडलं होतं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिटलं. बोलणार काय? दुसऱ्या दिवशी लिफ्टचं काम सोडलं आणि छापखान्यात जाऊन कागद कापायला लागला. तिथे म्हणे भरपूर उजेड असतो." मी जुडगा उचलला आणि टेबलाचा खण उघडला. "तर अशी ही कथा. आता तुझ्या लिपस्टिका गुंडाळ, खोकं उचल, आणि उद्यापासून आमचे चिरंजीव सांगतील ते ऐक."

पोरगी उठली नाही. तिने खोक्यातून दोन्ही सेल काढले, टॉर्चच्या पोटात सरकवले आणि मागचं झाकण फिरवून बसवलं. लावला मात्र नाही. नुसता माझ्या तोंडासमोर धरला. खिडकीपाशी बायको उभी राहिली, टेबलापाशी आली आणि माझ्या हातातल्या जुडग्याखाली तिने आपला तळवा पसरून ठेवला.

"काका," पोरगी म्हणाली, "बाबांचा टॉर्च विझलेला, तुमचा खिशात, दार लावलेलं, फट नाही, मोबाईल वर. नाक चाचपावं लागत होतं म्हणता. मग घामाचा तो थेंब नाकाच्या शेंड्यावर लोंबकळताना दिसला तो कुणाच्या टॉर्चच्या उजेडात? शिट्टीवाला टॉर्च तुमचा होता, विझला तो तोच; जळत होता तो बाबांचा, काका. वर चढताना नियमाप्रमाणे त्यांनी तो तुमच्या हातात दिला. आता एवढंच सांगा, हनुवटी कुणाची थरथरत होती?"